गॅलरीवालीचा वर्ग

माझ्या बायकोला गप्प बसता येत नव्हतं. नायगावच्या चाळीत सगळे तिला गॅलरीवालीच म्हणायचे. भाजी निवडणं गॅलरीत, भांडण गॅलरीत, समेटही तिथेच. कुणाचं दार दिवसा बंद दिसलं की कडी वाजवलीच. “काय रे, जिवंत आहेस ना आत?”

चाळ पाडायला घेतली आणि आम्हाला परळला टॉवरमध्ये टाकलं, सतराव्या मजल्यावर. पहिल्याच दिवशी तिनं शेजारची बेल दाबली. आतून आवाज आला, “कोण पाहिजे?”

“कोण म्हणजे? माणूस पाहिजे!”

दार उघडलं नाही. ही परत आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मग गुडघे गेले. खाली उतरणंही संपलं. दिवसभर ती आणि मी. मी बोलणार काय? गिरणी बंद पडली तेव्हाच माझं बोलणं संपलं होतं.

तिची बारावी झालेली, माझी चौथी. एक दिवस म्हणाली, “मी बी.ए. करते. मोबाईलवर असतं कॉलेज.”

“या वयात डिग्री घेऊन काय चुलीत घालायचीय?”

“डिग्री ऱ्हवूं दे. वर्गात माणसां तरी असतली!” चिडली की मालवणी यायची तिला.

पहिल्या वर्गाला ठेवणीतली साडी नेसली. मोबाईल डब्याला टेकवून उभा केला. बघते तर सगळे काळे चौकोन, खाली नुसती नावं. मला म्हणाली, “अहो, इथंही सगळ्यांची दारं बंदच.”

हिनं नमस्कार केला तर मॅडम म्हणाल्या, “माइक बंद ठेवा.”

तास संपला की मोबाईल विचारायचा, शिकवण्यानं समाधान झालं का? पोरं ‘हो’ दाबून पळायची. हिला वाटायचं, कुणी दारात येऊन विचारलंय, खोटं कसं सांगायचं? दर वेळी ‘नाही’. शेवटी मॅडमनी वर्गातच कारण विचारलं.

“तुम्ही शिकवता छान हो बाई. पण एवढी माणसं वर्गात आणि तोंड एकाचंही दिसत नाही. कोंडल्यासारखं होतं.”

पुढच्या शनिवारपासून मॅडमनी तासाआधी थोडा वेळ गप्पांना ठेवला. कॅमेरे उघडून. कुणी दुकानात बसलेली, कुणी बाळ पाजणारी, एक जण रिक्षात. ही प्रत्येकाच्या घरातलं विचारायची. मला ओरडायची, “सदरा घाला, माणसं आलीत!” पहिल्या शनिवारीच ती ‘हो’ दाबून उठली.

दुसरं वर्ष पुरं झालं नाही. स्वयंपाक करता करता खाली बसली, ती उठली नाही.

नंतरच्या शनिवारी तिचा मोबाईल वाजायला लागला. बंद करायला गेलो तर वर्गच उघडला. मॅडम म्हणाल्या, “काका, ताई कुठायत?”

“वारली,” मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघत राहिले. खाली बाहेर पडायचं लाल बटण होतं. माझ्याच्यानं ते दाबवेना. त्या दिवशी मॅडमनी शिकवलं नाही. मग एकेक चेहरा गेला, मॅडमही गेल्या, आणि काचेत मी एकटा राहिलो.