चाळ माझ्या बाजूने होती

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. आजोबा गिरणीत, बाबा एका खासगी ऑफिसात शिपाई, आई घरी मसाल्याची पाकिटं भरायची. मी मानसशास्त्रात एम.ए. करते म्हटल्यावर लालबागच्या आमच्या चाळीचा समज झाला की मी वेड्यांची डॉक्टर होणार. तो मी फारसा मोडला नाही. मान मिळत होता, कशाला मोडा?

शेवटच्या वर्षी प्रबंधासाठी स्वतःचा प्रयोग करायचा होता. माझा प्रश्न साधा होता: गोंगाटात वाचलेलं कमी लक्षात राहतं का? निम्म्या माणसांनी शांततेत वीस शब्द वाचायचे, निम्म्यांनी हेडफोनवर मसाला कुटणाऱ्या डंकाचा आवाज ऐकत. मग थोड्या वेळाने आठवतील तेवढे सांगायचे. कोण कुठल्या गटात, ते चिठ्ठीवर. म्हणजे सगळी तल्लख डोकी एकाच बाजूला जमत नाहीत. बाबांनी पहिली चिठ्ठी उचलली आणि म्हणाले, "गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत आपलं नाव कधी निघालं नाही. इथे पहिल्या फटक्यात निघालं. आणि लागलं काय, तर डंक!"

तळमजल्यावर बालवाडीची खोली मिळाली. पहिला दिवस छान गेला. कोणाला आठ शब्द आठवले, कोणाला अकरा. दुसऱ्या दिवशी मात्र जो येई तो सगळेच्या सगळे सांगे, तेही ओळीने. मला वाटलं, चाळीला अचानक काय झालं? मग शेजारच्या मालवणी काकी आल्या. मी कागद काढतेय तोवर त्यांनी सुरुवात केली, "घोडा, खिडकी, साबण, नारळ…"

"काकी, मी अजून कागद दिलाच नाही!"

"मगे काय झाला? काल गेलेल्यांनी गॅलरीत सगळ्यांकडसून पाठ करून घेतला. तुका नापास होऊक देऊ काय आमी?"

मी दुसरे शब्द घेतले. गॅलरीत सगळ्यांना गोळा करून सांगितलं, हा पेपर तुमचा नाही, सगळंच आठवलं तर माझी पंचाईत होईल. झालं! त्या दिवसापासून चाळ विसरायला लागली. रोज पेपरातलं शब्दकोडं सोडवणारे वरच्या मजल्यावरचे काका दोन शब्द सांगून थांबले. "बाकी काही आठवत नाही बुवा," म्हणाले आणि मला डोळा मारला.

प्रबंध द्यायची मुदत जवळ येत होती. वर्गातली मैत्रीण म्हणाली, "ए, पहिल्या दिवसाचे आकडे ठेव, बाकीचे तसेच भर ना. कोण बघतंय?" खरंच कोणी बघत नव्हतं. पण आमच्या घरातल्या माणसाचं नाव पहिल्यांदाच एखाद्या प्रबंधावर छापून येणार होतं, आणि त्याच्या आत बनवलेले आकडे मला नको होते. मी सगळं घेऊन प्रबंधाच्या मॅडमकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "तुझ्यावर इतकी माया असलेल्या माणसांवर प्रयोग होत नसतो. जिथे तुला कुत्रं ओळखत नाही तिथे जा."

मॅडमच्या ओळखीने चिंचपोकळीतली एक चाळ मिळाली. आमच्याकडे ही बातमी लागली तशा काकी दारातच उभ्या राहिल्या. "आमी बरोबर सांगितला तरी नको, चुकलो तरी नको! मगे आमी करूचा तरी काय गो?"

"तुम्ही माझ्या बाजूने आहात ना, म्हणूनच नको."

त्यांना ते पटलं नाही. दोन दिवस त्यांच्याकडून नेहमीची कालवणाची वाटी आली नाही.

चिंचपोकळीच्या माणसांना माझ्या पास-नापासाचं काही पडलेलं नव्हतं. "किती वेळ लागेल? दूध आणायचंय," एवढंच. एका बाईंनी जेमतेम सहा शब्द सांगितले आणि पदर खोचून निघूनही गेल्या. मी खूश! सगळे आकडे जमवून बघितले, तर शांततेतल्यांत आणि डंकवाल्यांत नाव घेण्याजोगा फरकच नाही. पुस्तकं वाचून मी धरून चालले होते त्याच्या उलट. तसंच लिहिलं. आमच्या चाळीत काय झालं त्याचंही वेगळं प्रकरण लिहिलं, एक शब्द न लपवता.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर नेमकं तेच पान उघडून बसले. "हा सगळा भाग फुकट गेला म्हणायचा?"

"नाही सर. माणूस नुसते शब्द वाचत नाही, समोरच्याला काय हवंय तेही वाचतो. प्रयोग करायचा तर आधी ते दुसरं वाचणं बाहेर काढावं लागतं. आमच्या चाळीतून ते निघेना, म्हणून मी चाळ बदलली."

सर हसले. मग मॅडमकडे वळून म्हणाले, "हे प्रकरण मी माझ्या वर्गात वाचून दाखवीन." आज मी स्वतः कॉलेजात संशोधन पद्धती शिकवते, पण त्या वाक्याइतकं मोठं बक्षीस अजून मिळालेलं नाही.

घरी पोचले तेव्हा पेढे आधीच आले होते. काकी घुश्शातच, पण आल्या होत्या. पेढा तोंडात टाकून म्हणाल्या, "ता सगळा ऱ्हवांदे. तेंका किती आठवले, त्या चिंचपोकळीवाल्यांका?"

"तुमच्यापेक्षा पुष्कळ कमी."

"मगे!" म्हणाल्या, आणि हे सांगायला लगेच गॅलरीत गेल्या.