समोर येऊन सांगा

शकू गेल्याचा फोन तिच्या सुनेनं बेंगळुरूहून केला. मी "येते" म्हटलं आणि फोन ठेवला. रडणं नंतर झालं. आता महिना होत आला, म्हणून लिहिते.

शकू माझी धाकटी बहीण, जन्मापासून ऐकू न येणारी. मी चौथीत शाळा सोडली. ती वसतिगृहात राहून दहावी झाली, शिवणाचे वर्ग घेतले, लेक वाढवला. तरी चारचौघांत तिच्या वतीनं बोलायची मीच... सवय लागली होती.

तिच्या लेकाकडं बेंगळुरूला जायला आम्ही दोघी पहिल्यांदा कोल्हापूरच्या विमानतळावर गेलो. खिडकीवरच्या पोरीला मी सांगितलं, "हिला ऐकू येत न्हाय, जरा बघा की." पोरीनं चाकाची खुर्ची मागवली! शकूनं खुर्चीकडं बघितलं, मग माझा खांदा धरून मलाच तिच्यात बसवलं. कागदावर लिहून पोरीला दाखवलं, 'गुडघे हिचे गेलेत.' पोरगी हसली. मी चिडले, पण उठले नाही.

पुढच्या खेपेला ती एकटी गेली. परतताना बेंगळुरूला विमानाकडं जायचं दार बदललं, ते नुसतं भोंग्यावरून सांगितलं. ही जुन्या दारापाशी बसून राहिली, विमान निघून गेलं. लेकानं हातांच्या खुणांनी बजावलं, "आई, आता एकटीनं जायचं न्हाय." मीही त्याचीच री ओढली. शकू आठ दिवस माझ्याकडं बघेना.

मग तिनं विमान कंपनीला पत्र लिहिलं. त्यांनी माफी मागून फुकट तिकीट पाठवलं. हिनं ते परत केलं. लिहिलं, 'तिकीट नको. दार बदललं तर माणूस पाठवा. समोर येऊन लिहून सांगा.' मी म्हटलं, "खुळी हायेस." तिनं ओठ वाचले आणि हसली.

तिसऱ्या खेपेला ती पुन्हा एकटीच गेली. परतताना पुन्हा दार बदललं. या वेळी एक बाई आली, खांद्याला हात लावला, नवा नंबर लिहून दिला. शेजारी जयसिंगपूरचं एक बहिरं जोडपं होतं. बाईनं त्यांनाही, त्यांनी न मागता, लिहून दिलं. त्या दोघांना शकूच्या पत्राचा पत्ताही नव्हता. हे सांगताना शकूचे हात थांबत नव्हते.

दिवसकार्याला मी शकूच्या लेकाच्या घरी होते. सून स्वयंपाकघरात होती. तिनं तिथून हाक मारली नाही. हातातलं काम ठेवून बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली, माझी नजर वर येईस्तोवर थांबली... आणि मग म्हणाली, "मावशी, च्या टाकू?"