तिळाएवढा डाग

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

तुमच्या तिकडच्या शाळेत कुणी गोळीबार केला तर टेबलाखाली कसं लपायचं, याचा सराव झाल्याचं तुम्ही रविवारी फोनवर सांगितलंत. मग धाकटीने विचारलं, "आजी, बंदूक आवडणारा माणूस चांगला असतो का?" त्याचं उत्तर आज लिहायला बसले. आपल्या अमरावतीच्या घरासमोर राहणारे ड्रॉइंगचे सर हे अख्ख्या वऱ्हाडात बंदुकीवर सर्वांत जास्त प्रेम करणारे गृहस्थ होते, आणि अंगणात मुंग्यांची रांग दिसली की वळसा घालून जाणारेही तेच.

बंदूक त्यांच्या वडिलांची. दुनळी, परवान्याची, वलगावच्या शेतातून रानडुकरं हुसकायला घेतलेली. सरांनी ती आयुष्यात एकदाच झाडली, तीही आभाळात, आणि घाबरून उडालेल्या बगळ्यांसाठी दिवसभर हळहळत बसले. त्यानंतर घरात काडतूस आलं नाही. गोळी सुटणं हा तिचा एक दोष आहे असं धरून त्यांनी तो पोटात घातला होता. बाकी त्यांच्या लेखी ते चित्र होतं. अक्रोडाच्या दस्त्यातल्या रेषा उंचावरून पाहिलेल्या नदीसारख्या वळत गेलेल्या, पोलादावर कबुतराच्या मानेचा निळा-जांभळा रंग, आणि घोड्याजवळच्या पट्टीवर केसाहून बारीक रेघांनी कोरलेले दोन तितर. बघायला येणाऱ्याने आधी हात धुवायचे, कारण घामाने लोखंड गंजतं. मग सर ती दोन बोटांवर आडवी तोलून दाखवत. शेवटी म्हणत, "डोळे मिटा वैनी, अन् ऐका." बिजागरीवर मोडून उघडलेल्या नळ्या पुन्हा बंद होताना एकच मऊ 'टक्' व्हायचा. दोन आवाज आले तर कारागीर कच्चा, असं त्यांचं म्हणणं. मला पहिली काही वर्षं त्यात कपाटाच्या दारापलीकडे काही ऐकू आलं नाही. पुढे मात्र खरंच यायला लागलं.

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. सर ती बायकोच्या जुन्या रेशमी लुगड्यात गुंडाळून नेत, सोबत तेल कधी आणि किती लावायचं याची सुवाच्य अक्षरातली सूचना. तिसऱ्या दिवशी पुन्हा ठाण्यात हजर. तिथला हवालदार त्यांचाच विद्यार्थी. तो म्हणायचा, "सर, तिले काई नाई झालं. तुमी चहा घ्या."

सरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या बाईंना, या थाटाचा राग होता. "माह्या भांड्यायले कधी एवढं पुसलं का यायनं?" असं त्या मला ऐकवत, पण खंडेनवमीला बंदुकीची पूजा त्याच करत. एका वर्षी त्यांनी ओलं कुंकू थेट तितराच्या डोक्यावर लावलं आणि दोघं गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात गेले. चार दिवसांनी परतले तर तिथे तिळाएवढा गंज चढलेला. पुढच्या वर्षी बंदुकीच्या लाकडी पेटीवर रंगाने सुंदर अक्षरं उमटली: 'पूजा पेटीची करावी.' बाईंनी पेटीला कुंकू लावलं. डाग काढायला नागपूरचा एक कारागीरही सरांनी ठरवला होता. तेवढ्यात बाई आजारी पडल्या आणि गेल्या. नागपूरला जाणं राहिलं ते राहिलंच.

मग सरांचा हात थरथरू लागला. एकदा माझ्यासमोर तोलताना ती बोटांवरून घसरली, आणि आश्चर्य म्हणजे मीच झेलली. परवाना आता वारसाच्या नावे करायचा, नाहीतर ती कायमची ठाण्याच्या खोलीत पडून गंजणार. थोरल्या मुलाने पुण्याहून फोनवर सांगितलं, देऊन टाका. धाकटा येऊन बघून गेला. त्याने विचारलं, गोळी किती दूर जाते. सरांनी पेटी लावून घेतली आणि तीन आठवडे ते नीट जेवले नाहीत.

शेवटी धाकटी सून अकोल्याहून आली. ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. मी तिथेच होते. न सांगता हात धुऊन आली, बराच वेळ बघत राहिली, आणि तिचं बोट तितरापाशी थांबलं.

"बाबा, इतकी जपली, अन् हा गंज कावून ठेवला?"

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तो तुह्या सासूच्या बोटाचा हाय."

फडक्याचं टोक तेलात बुडवून तिने डाग टाळून भोवतीचं पोलाद हलकेच पुसलं. सरांनी माझ्याकडे चष्मा मागितला आणि परवाना तिच्या नावे करण्याच्या अर्जाचा कागद पुढे ओढला.

सर यंदा चैत्रात गेले. मागच्या महिन्यात मी अकोल्याला तिच्याकडे राहून आले. हात धुतले, डोळे मिटले, तिने नळ्या बंद केल्या. आवाज एकच आला. डाग आहे, आणि तो अजून तिळाएवढाच आहे.