उन्हातली दुसरी गोधडी

साताऱ्यात आमचं घर किल्ल्याच्या पायथ्याशी होतं. थंडीत सूर्य डोंगराआडून वर यायचा, त्यामुळे अंगणात ऊन उशिरा उतरे. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू असतानाच्या एका हिवाळ्यात माझा धाकटा भाऊ आठ-नऊ महिन्यांचा होता आणि त्याने ते ऊन पाहिलेलंच नव्हतं.

त्याच्याआधी एक बहीण झाली होती, सांगलीला, आजोळी. बारशाला साऱ्या आळीने तिला मांडीवर घेतलं आणि थोड्याच दिवसांत ती गेली. दृष्ट लागली, असं आईने मनाशी धरलं. म्हणून या मुलाला तिने माजघराबाहेर आणलं नाही. खिडकीवरही कांबळं टाकलेलं. दूधवाली हसायची, "आवं बाई, पोरगं हाय का लोणचं? लय झाकून ठेवलंय!"

मार्गशीर्षात त्याची मनगटं जाड दिसू लागली. उभं धरलं की पाय दुमडायचे. वडिलांनी डॉक्टरांना आणलं. ते कांबळं सारून म्हणाले, "मुडदूस आहे. माशाचं तेल द्या."

"आमच्यात चालत नाही," आई म्हणाली.

"ऊन तरी चालतं ना? रोज उघड्या अंगाने बाहेर ठेवा. नाहीतर हा उभा राहायचा नाही, आणि छाती भरली तर वाचायचाही नाही."

दुसऱ्या दिवशी आईने त्याला बाहेर आणलं, ते कपाळापासून पावलांपर्यंत काजळ फासून.

"अगं, उन्हाला तरी त्याचं अंग दिसू दे," वडील म्हणाले.

तिने रडत रडत सगळं पुसलं, गालावरची तीट तेवढी ठेवली आणि त्याला अंगणात गोधडीवर निजवलं. मग आत जाऊन दुसरी, लहान गोधडी आणली आणि शेजारी अंथरली. मी तिच्यावर बसणार, तोच आई म्हणाली, "तिथे नको. ती निजलीय. एकट्यालाच ऊन दिलं तर ती त्याला घेऊन जाईल."

ऊन सरकेल तशा ती दोन्ही गोधड्या सरकवी. वडील ते पाहून आत गेले. मी तिथेच धडा वाचत बसे. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, त्या रिकाम्या गोधडीजवळ मीही आवाज खाली आणत होते. आई गेल्यापासून तो माझाच दबका आवाज मला पुन्हा ऐकू येतो.

चैत्रात भाऊ ओसरीचा खांब धरून उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, "छान. आता ऊन कडक झालंय, आत न्या त्याला."

वडिलांनी त्याला उचलून आत नेलं. आई अंगणातच बसून राहिली.

"आई, चल ना."

ताप पाहावा तसा तिने रिकाम्या गोधडीवर हात ठेवला. "त्याचं झालं. हिचं अजून व्हायचंय."

वडील आतून छत्री घेऊन आले आणि तिच्या डोक्यावर धरून उभे राहिले. आईने वर न पाहता त्यांचा हात थोडा बाजूला केला, गोधडीवर सावली पडू नये म्हणून.