कल्याणच्या आत्यांनी दूध सोडलं

कल्याणच्या आत्या चहात पाणी घालत नसत. नुसत्या दुधात पत्ती, साखर आणि ठेचलेलं आलं टाकायचं, ते दाट होईपर्यंत उकळायचं, कपात गाळायचं, कपातून बशीत ओतायचं आणि मग फुर्रर्र आवाज करत प्यायचं, अशी त्यांची पद्धत. कुणाकडे पाण्याचा चहा पुढे आला की पहिल्याच घोटाला त्यांचा चेहरा उतरे. "छान झालाय हो काढा," असं म्हणून त्या कप खाली ठेवत. लग्न ठरवायला आमच्या घरी आल्या तेव्हा माझ्या आईलाही त्या हेच म्हणाल्या होत्या. आई ते अजून विसरलेली नाही.

या माझ्या नवऱ्याच्या, मंदारच्या, आत्या. राहायला विठ्ठलवाडी स्टेशनजवळ, पण पत्ता विचारला की सांगायच्या कल्याण. मंदारने चिडवलं की म्हणायच्या, "विठ्ठलवाडी म्हणजे कल्याणच. मधे काय समुद्र आहे?" यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही, शाळेतल्या नोकरीत आयुष्य काढलेलं. त्यामुळे समोरच्या माणसाचं वय काहीही असो, त्याला वर्गात उभं केल्यासारखं बोलायची सवय. आमची रेवा वर्षाची झाली आणि माझी रजा संपत आली, तेव्हा त्या मदतीला म्हणून वर्तकनगरला आमच्याकडे आल्या. "तुमची घडी बसली की मी निघाले," असं दारातच सांगितलं. घडी काही बसेना आणि आत्या काही निघेनात.

घडी न बसण्याचं कारण म्हणजे दूध. माझं दूध पुरलं नाही म्हणून रेवा पहिल्यापासून पावडरच्या दुधावर वाढलेली. वर्ष झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, आता डबा बंद करा, साधं दूध द्या, तेही कपातून. दिवसभर बाटली तोंडात धरून तिचं पोट भरत होतं, त्यामुळे ती भाताच्या शितालाही तोंड उघडत नव्हती आणि वजनाचा काटा हलायला तयार नव्हता. दर खेपेला तिला काट्यावर ठेवलं की मी आकड्याकडे न बघता डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघायचे. त्यात ऑफिसचे फोन सुरू झालेले. पोरगी काही खात-पीत नाही आणि मी तिला टाकून कामावर कशी जाऊ, हा माझा प्रश्न होता. आत्यांच्या मते तो प्रश्नच नव्हता. "डबा माळ्यावर टाक. भूक लागली की झक मारत पिईल."

रेवाने झक मारली नाही. कप दिसला की ती ओठ असे मिटून घ्यायची की आत दात आहेत की नाहीत, तेही कळू नये. चुकून घोट आत गेलाच तर तो गालात धरून ठेवायची आणि आपण बेसावध झालो की सोडून द्यायची. डॉक्टर म्हणाले, एकदम नका बदलू, पावडरच्या दुधात थोडं थोडं साधं दूध मिसळत जा. मी तसं करायला लागले, तर आत्या कमरेवर हात ठेवून मागे उभ्या. "लोक दुधात भेसळ करतात. तू भेसळीत दूध घालतेस."

मी ऑफिसचा मेल बघायला वळले की त्या कपात काहीतरी टाकत. कधी केशराची काडी, कधी वेलची, कधी बदामाची पूड. एकदा गोड वास आला म्हणून मी विचारलं, "आत्या, साखर घातलीत का? डॉक्टर नको म्हणालेत ना."

"साखर कुठे? खडीसाखर आहे."

"अहो, ती साखरच ना!"

"खडीसाखर थंड असते," असं म्हणून त्या निघून गेल्या. वर जाता जाता, "आई दुधाला नाक मुरडते, तिथे लेक काय पिणार?" हेही ऐकवून गेल्या. यातलं दुसरं खरं होतं. दुधाच्या वासानेच मला लहानपणापासून मळमळतं, आणि साय दिसली तर मी खोलीबाहेर जाते. पण त्याचा इथे काय संबंध, असं मी भांड्यांना सांगत बसले. आत्यांना सांगायची सोय नव्हती.

मग एके सकाळी रेवाने गालात धरलेला घोट आत्यांच्या पाठवणीतल्या जुन्या इरकली साडीवर सोडला.  आत्यांनी साडी बदलली, देवापुढे निरांजन लावलं, हात जोडले आणि बाहेर येऊन जाहीर केलं, "मेधा, मी दूध सोडलं. ही कपाने दूध प्यायला लागेपर्यंत मी दुधाला शिवणार नाही."

मी कपाळावर हात मारला. आत्यांचं हे सोडणं घरात प्रसिद्ध होतं. मंदारच्या बारावीसाठी त्यांनी कारलं सोडलं होतं. आम्हाला घर मिळावं म्हणून पडवळ सोडलं होतं. या दोन्ही भाज्या त्या एरवीही खात नसत, त्यामुळे देवावर त्याचं फारसं ओझं पडत नसावं, असं मंदार म्हणायचा. पण दूध? सकाळी दोनदा आणि दुपारी झोपून उठल्यावर बशीभर चहा लागणारी ही बाई. "आत्या, असं काही करू नका," मी म्हटलं. "तुमच्या दूध सोडण्याने ती पिणार आहे का?"

"तुझ्या भेसळीने प्यायली का?"

दुसऱ्या दिवसापासून घरात कोरा चहा आणि त्याच्याबरोबर एक उसासा सुरू झाला. आलेल्या-गेलेल्याला त्या न विचारता सांगत, "माझ्या चहात दूध नाही हो. आमचं बाळ दूध पीत नाही ना." मग शेजारच्या कुलकर्णी वहिनींपासून कचरा न्यायला येणाऱ्या मुलीपर्यंत सगळे माझ्याकडे असं बघत, जणू मी पोरीच्या तोंडापुढून कप हिसकावून घेतलाय. लिफ्टमध्ये लोक मला विचारायचे, "मग, आत्यांचा नेम सुटला का?" रेवाचं काय, ते कुणी विचारेना!

आणि नियमांना तर अंत नव्हता. ताक चालेल, कारण त्यात पाणी जास्त. दही चालणार नाही. तूप? "तूप म्हणजे तूप. त्याचा दुधाशी आता काय संबंध?" पाडव्याला मंदारने हौसेने श्रीखंड आणलं, तर सगळं जेवण होईपर्यंत आत्या त्या वाटीकडे बघत होत्या आणि शेवटी पुरी साखरेबरोबर खाऊन उठल्या. त्या वेळी मला पहिल्यांदा जाणवलं की हे कारल्या-पडवळासारखं नाही. या बाईने या वेळी स्वतःला आवडणारी गोष्ट सोडली होती, आणि तीही माझ्या पोरीसाठी. जाणवलं, भरूनही आलं, पण राग काही गेला नाही. उलट दुप्पट झाला, कारण आता मला दोघींची काळजी करायची होती.

शेवटी मंदारने आपल्या परीने मार्ग काढला. आत्या देवळातून आल्या तशी त्याने हाक मारली, "आत्या, प्यायली गं! अर्धा कप!" आत्यांनी चपला काढल्या, पाय धुतले आणि समोर पाट ओढून बसल्या. "पाज बघू माझ्यासमोर." मंदारने कप पुढे केला. रेवाने ओठ मिटले. आत्या भाच्याकडे बघून म्हणाल्या, "खोटं बोलताना तुझे कान लाल होतात. पहिलीत असल्यापासून." आणि आत जाऊन कोरा चहा टाकला.

तो कोरा चहाच उपयोगी पडला. एका दुपारी आत्या जमिनीवर बसून तो बशीत ओतून फुंकत होत्या. रेवा रांगत गेली, त्यांच्या मांडीला धरून उभी राहिली आणि बशीला हात घातला. त्यांच्यासारखेच ओठ पुढे काढून ती फुर्र करायला लागली. आत्यांनी चहा पटकन बाजूला केला. "अगं, चहा नाही द्यायचा बाळाला. मेधा, दूध आण, कोमट. बशीत घाल." मी धावत दूध आणलं. साधं, बिनभेसळीचं. रेवाने बशीला तोंड लावलं, जोरात फुर्र केलं आणि एक घोट गिळला. गालात नाही धरला. खरंच गिळला.

आम्ही दोघी श्वास रोखून बघतोय, तर तिने बशी ढकलली. माझ्याकडे नाही, आत्यांच्या तोंडाकडे. "आ," म्हणाली. आत्यांनी मान हलवली. "मी नाही गं, राणी. तू पी." रेवाने ओठ मिटले. पुन्हा बशी आत्यांच्या ओठांना लावली. "आ!" आत्या प्यायल्याशिवाय ती पुढचा घोट घेणार नव्हती, हे स्पष्ट होतं. आणि एका घोटाला दूध प्यायला लागणं म्हणत नाहीत, त्यामुळे आत्यांचा नेम अजून सुटला नव्हता. त्यांच्या हनुवटीवरून दुधाचा ओघळ खाली चाललेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. एरवी मला सगळं शिकवणाऱ्या आत्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मला विचारलं, "आता काय करू गं?"

"प्या," मी म्हटलं.

त्या प्यायल्या. मग रेवा प्यायली. मग आत्या, मग रेवा, असं करत बशी रिकामी झाली आणि दोघींनी माझ्याकडे आणखी मागितलं. नंतर देवापुढे बसून आत्या बराच वेळ त्याची समजूत काढत होत्या. नेम मोडला असला तरी तो कशासाठी मोडला, ते त्याने बघावं, असं काहीतरी पुटपुटणं माझ्या कानावर आलं. संध्याकाळी त्यांनी नुसत्या दुधाचा चहा केला. डबा माळ्यावर गेला, वजनाचा काटा हलला, मी कामावर रुजू झाले. रेवा शाळेत जायला लागली तेव्हा आत्या आपल्या घरी परत गेल्या. जाताना रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "तिला कप दाखवू नकोस. बशीच दे." म्हणजे हेही माझ्याच गळ्यात.

गेल्या वर्षी आत्या आजारी पडल्या. अंथरुणाला खिळल्या आणि मग त्यांनी खाणंच टाकलं. मंदार रोज ऑफिसातून परस्पर तिकडे जायचा. सांभाळणाऱ्या ताई फोनवर सांगायच्या, दूधसुद्धा घेत नाहीत हो. हे बोलणं रेवाच्या कानावर गेलं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भरलेली बशी मागे सरकवली आणि मला सांगितलं, "आई, मी दूध सोडलं. आत्याआजी पिईपर्यंत."

मी ओरडले. किती ओरडले ते शेजारी विचारा. एवढ्या खटपटीने प्यायला लावलेलं दूध, आणि ही पहिलीतली पोर ते सोडून बसली! समजावलं, दटावलं, आईस्क्रीमची लालूच दाखवली. तर म्हणे, "आईस्क्रीम दुधाचं असतं." मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून रडले.

रविवारी तिला घेऊन आत्यांकडे गेलो. आत्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, इवल्याशा झालेल्या. त्यांना टेकवून बसवलं. मी दूध कोमट केलं, बशीत ओतलं. रेवाने ती दोन्ही हातांनी धरली आणि त्यांच्या ओठांना लावली. "आ," म्हणाली. आत्यांनी मान हलवली. मी म्हटलं, "आत्या, हिने दूध सोडलंय. तुम्ही पिईपर्यंत."

त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. डोळ्यांत तोच जुना राग आला. "काय शिकवतेस पोरीला," असं म्हणाल्या, अगदी हळू. मग थोडं थांबून, "आता काय करू गं?"

"प्या," मी म्हटलं.

त्या प्यायल्या. आवाज करून. मग रेवा प्यायली. बशी संपली नाही, पण रेवाचा नेम पुरा झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी आत्या गेल्या.

रेवा अजून कपाने दूध पीत नाही. बशीच लागते, ओट्यावर ओघळ येतात, ते मीच पुसते. आणि पहिला घोट दुसऱ्या कुणीतरी घ्यावा लागतो, त्याशिवाय ती तोंड उघडत नाही. मंदार सकाळी लवकर निघतो. मग ती बशी माझ्या तोंडापुढे धरते. दुधाचा वास मला अजून सहन होत नाही. वर साय असते. मी चडफडते, श्वास धरते आणि पिते.