प्रायव्हेट इलायजाचा दगड

मी अमेरिकेच्या लष्करात, पोस्टिंग तेव्हा तिथल्या जॉर्जिया राज्यात होती. ड्यूटी ऑनर गार्डची: माजी सैनिकांच्या अंत्यविधीला जायचं, सलामीच्या फैरी झाडायच्या, झेंड्याची घडी करून घरच्यांच्या हाती द्यायची. बूट चकचकीत, चेहरा कोरा. आमचे प्रमुख सार्जंट वॉकर. नागपूरहून आलेल्या मला इस्त्रीपासून सगळं त्यांनीच शिकवलं. रविवारी त्यांच्या आंट रूथ आम्हा सगळ्यांना जेवू घालायच्या. "मेश्राम, वाळत चाललायस तू," असं म्हणत ताटात आणखी चिकन.

एकदा ड्यूटी लागली ती आंटच्या पणजोबांसाठी. प्रायव्हेट इलायजा. हुद्द्याने साधे शिपाई, वंशाने कृष्णवर्णीय. अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्या युद्धात उत्तरेच्या फौजेतून लढले, जिंकून गावी परतले. मतदार म्हणून नाव नोंदवलं, तर गोऱ्यांच्या टोळीने दारातच गोळ्या घातल्या. बायकोने कोर्टात मारेकऱ्यांची नावं घेतली. ज्युरीत मारेकऱ्यांचेच शेजारीपाजारी. जेवणाच्या सुट्टीआधी सगळे सुटले. असे निकाल मी घरी आईच्या तोंडून ऐकले होते. गाव तेवढं वेगळं.

इतक्या वर्षांनी त्यांच्या कबरीवर लष्कराने नावाचा दगड बसवला होता, त्यासाठी ही मानवंदना. कबर एका शेतापलीकडे. आम्ही पोचलो तर फाटकाला साखळी. शेतमालक आणि एक तरुण डेप्युटी, म्हणजे शेरीफचा पोलीस, उभे.

"माझी परवानगी घेतली नाही," मालक म्हणाला.

"कबरीपर्यंत जायचा वारसांना हक्क आहे, सर." सार्जंटचा आवाज चढला नाही.

डेप्युटीने रेडिओवर वरिष्ठांना विचारलं. उत्तर आम्हालाही ऐकू आलं. "सोमवारी या म्हणावं. ओव्हर."

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आंट व्हॅनमधून उतरल्या. "सोमवारपर्यंत मी असेन कशावरून? बाळा, तुझ्या आजीच्या कबरीवर जायला तू कुणाला विचारतोस?"

डेप्युटी फाटकाकडे वळला. मग त्याने स्वतःच साखळी काढली. रेडिओवर म्हणाला, "त्यांना आत सोडतोय. ओव्हर." मालक पाय आपटत निघून गेला.

फैरी झाल्या. झेंडा मी आंटच्या हाती दिला. शेवटी सार्जंटनी हजेरी घेतली. गेलेल्या सैनिकाचं नाव तीनदा पुकारायचं आणि उत्तर कुणीच द्यायचं नाही, ही आमची रीत.

"प्रायव्हेट इलायजा!"

शांतता.

"प्रायव्हेट इलायजा!"

तिसऱ्यांदा सार्जंटचा आवाज फाटला.

आंटना रीत ठाऊक नव्हती. झेंडा छातीशी धरून त्या म्हणाल्या, "आहे, सर. इथेच आहे."