हौटालाबाईंची दोन शिफारसपत्रं

टॅमरॅक फॉल्सच्या शाळेत एकोणतीस वर्षं काउन्सेलर असलेल्या व्हर्ना हौटालाबाई कुणाला म्हणून घाबरत नसत. प्राचार्यांना नाही, पालकांना नाही, आणि पुलाखालच्या लोकांना तर मुळीच नाही. मिशिगनचा मोठा पूल ओलांडला की पलीकडचे सगळे गावाच्या लेखी पुलाखालचे. मग ते विद्यापीठाचे कुलगुरू का असेनात.

बारावीच्या मुलांसाठी बाईंचा एकच कायदा होता. पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो, शाळेला सुट्टी असते आणि त्यानंतर पंधरा दिवस कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. म्हणून बंदुकीला तेल लावायच्या आत कॉलेजचा अर्ज गेलाच पाहिजे. या लवकरच्या फेरीचं उत्तर नाताळच्या आधी येतं. ते हो असतं, नाही असतं, नाहीतर तिसरंच असतं: लांबणीवर. म्हणजे आता काही सांगत नाही, मार्चमध्ये सांगतो. मुलं ते तिसरं उत्तर 'नाही' समजून रडत, आणि बाई दरवर्षी तेच सांगत, "दार नुसतं लोटलंय, कडी लावलेली नाही. आधी जेवून घे." मग ड्रॉवरमधून मांस-बटाटा भरलेली निम्मी पेस्टी काढून पुढे ठेवत. उरलेली निम्मी त्यांच्या स्वतःच्या दुपारच्या जेवणाची असे.

त्या डिसेंबरात मार्नी पेल्टोला नावाची मुलगी आली ती मात्र रडत नव्हती.

"लांबणीवर टाकलंय, बाई," ती म्हणाली. "मी नाव काढून घेते. इथल्या कॉलेजात मिळालंय, तेवढं पुरे."

"इथल्या कॉलेजात तुला हवं ते इंजिनिअरिंग आहे?"

"नाही."

"मग पुरे कसं?"

"बाबाही म्हणाला, पुरे आहे."

"तुझा बाबा माझ्या पहिल्या वर्षीच्या वर्गातला. तो काय म्हणतो ते मला नको सांगूस. पेस्टी खा."

मार्नीने मुकाट्याने खाल्ली. तिचा बाप ड्वेन काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचा आणि दिवसाला मोजून वीस शब्द बोलायचा. पोरगी त्याच्यावरच गेली होती. पुलाखालच्या त्या मोठ्या विद्यापीठाशिवाय तिला दुसरं काही नको होतं, हे बाईंना तिसरीपासून ठाऊक होतं. तिसरीत तिने बाईंच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ खोलून परत लावलं होतं, आणि ते पूर्वीपेक्षा बरं चालायला लागलं होतं.

मार्नी गेल्यावर बाईंनी फोन उचलला. उत्तरेकडचे अर्ज वाचणारा विद्यापीठातला अधिकारी प्रुइट नावाचा तरुण होता. त्याला चार शब्द सुनावायचेच या तयारीने बाई बसल्या होत्या.

"निर्णयाचं मला सांगता येत नाही, मॅडम," तो नम्रपणे म्हणाला. "पण एवढं सांगतो, ही मुलगी इंजिनिअरिंगला का येतेय ते अर्जातून कळलंच नाही. आणि तुमचं पत्र, राग मानू नका, जरा थंड वाटलं."

"थंड?" बाईंचा तिळपापड झाला. "गेल्या नऊ वर्षांत कुणाबद्दल लिहिलं नसेल एवढं तिच्याबद्दल लिहिलंय मी!"

"नेमकं कुठलं वाक्य?"

"'मार्नी यंत्रांच्या कामात वाईट नाही.'"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"मॅडम," प्रुइट म्हणाला, "इकडे त्याचा अर्थ 'वाईट नाही' एवढाच होतो."

बाईंनी फोन ठेवला आणि मार्नीचा अर्ज उघडला. शाळेबाहेर काय काय केलंत, या रकान्यात पोरीने लिहिलं होतं: स्कीच्या टेकडीवर मदत करते. बस्स. मुलांना टेकडीवर ओढून नेणाऱ्या दोराचं इंजिन दोन हिवाळ्यांपूर्वी निकामी झालं, काउंटीने हात वर केले, तेव्हा या मुलीने बंद पडलेल्या लाकूड गिरणीतली मोटर आणून बसवली होती. काही अडकलं तर दोर आपोआप थांबावा अशी कळही तिने स्वतःच बनवली होती. मागच्या फेब्रुवारीत सहा वर्षांच्या एका मुलाचा मफलर दोरात गुंतला आणि दोर तिथल्या तिथे थांबला. सगळ्या गावाला हे माहीत होतं. अर्जात मात्र 'मदत करते', आणि वर बाईंचं 'वाईट नाही'.

पोरांना डोक्यावर चढवू नये, हे बाईंनी आपल्या आईकडून घेतलं होतं आणि आयुष्यभर पाळलं होतं. कौतुकात हात आखडता घेणं म्हणजे शहाणपण, अशी त्यांची खात्री होती. एकोणतीस वर्षांत असली किती पत्रं आपण पुलाखाली पाठवली असतील, हा विचार मनात आला आणि त्यांना आपली मनापासून लाज वाटली. मग त्यांनी बाह्या मागे सारल्या. लाज वाटून घ्यायला सवड नव्हती. नाव यादीत राहू द्यायचं की काढायचं, हे कळवायला दहाच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मार्नीला बोलावून घेतलं.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी तुझ्याबद्दल कंजूषपणे लिहिलं. आता नवीन पत्र पाठवतेय. तूही एक पान लिहायचंस. दोराबद्दल."

"बाई, ती फुशारकी होईल."

"दोर चालतो की नाही?"

"चालतो."

"कुणी बसवला?"

मार्नीने खिडकीबाहेर पाहिलं. "मी."

"हेच लिही. झालं ते सांगण्यात कसली आलीय फुशारकी? आणि सोबत दुसरं काही पाठवायचं नाही. गेल्या वर्षी एका आईने हरणाचं सॉसेज पाठवलं होतं, ते परत आलं."

बाईंचं स्वतःचं पत्र मात्र निघता निघेना. 'उत्कृष्ट' हा शब्द त्यांनी चार वेळा लिहिला आणि चार वेळा खोडला. जीभ अडखळावी तसं पेन अडखळत होतं. शेवटी त्यांनी विशेषणांचा नाद सोडला आणि मफलरची हकीकत जशी घडली तशी लिहून काढली. खाली एक ओळ घातली: 'मी एकोणतीस वर्षं या कामात आहे. हिच्या तोडीचं मूल मी पाहिलेलं नाही.' पुन्हा वाचली, घाम फुटला, पण खोडली नाही. बाईंचं पत्र, मार्नीचं पान आणि सहामाहीचे गुण एकाच दिवशी गेले.

मार्चमध्ये निकाल लागला तो पुलाखालच्या वेळेने दुपारी तीनला. टॅमरॅक फॉल्सची घड्याळं तासाने मागे, म्हणून मार्नी तेव्हा भौतिकशास्त्राच्या तासाला होती. ती धावत आली आणि तिने फोन बाईंच्या टेबलावर ठेवला. पडद्यावर 'अभिनंदन' होतं. बाईंनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि पोरीला घट्ट मिठी मारली. शाळेत आजवर त्यांनी कुणाला मिठी मारलेली नव्हती.

"मला तुझा फार अभिमान वाटतो," त्या म्हणाल्या. आपल्याला हे म्हणता येतं, याचंच त्यांना नवल वाटलं.

शाळा सुटता सुटता ड्वेन आला. बर्फाचा ट्रक दारात तसाच चालू ठेवून, ओल्या बुटांनी फरशीवर पाणी सांडत तो दोघींसमोर येऊन उभा राहिला. टोपी काढली, पुन्हा घातली.

"वाईट नाही झालं," तो म्हणाला.

"ड्वेन," बाई कडाडल्या, "या दोन शब्दांपायी पोरीची जागा जाणार होती. आता तिच्याकडे बघ आणि नीट बोल."

ड्वेनचे कान लाल झाले. त्याने आधी भिंतीजवळच्या हीटरकडे पाहिलं, मग मार्नीकडे वळला.

"तो मफलर अडकला ना, त्या दिवशी मी खालीच उभा होतो," तो म्हणाला. "दोर थांबला. पोरगं हसत उठलं. मी ट्रकमध्ये जाऊन बसलो आणि रडलो. असली पोर माझ्या घरात जन्माला आली म्हणून."

एवढे शब्द त्याने एका दमात कधी उच्चारले नव्हते. बाहेर ट्रक घुरघुरत होता.

"बाबा," मार्नी म्हणाली. तिचा आवाज फुटला आणि जे डिसेंबरात आलं नव्हतं ते रडू आता आलं. "हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"